सन रा: नुसते चमकते झगे की राजकारण?

रेवा_ठाणे: काल इथे कुणीतरी लिहिलं, "कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा लढा गायिका नीना सिमोननं दिला, सन रा झगे घालून शनीच्या गप्पा मारत बसला." वाचून डोकंच फिरलं. सन रा हा कृष्णवर्णीय अमेरिकी जॅझ वादक, 'मी शनीवरून आलो' असं सांगणारा. हा माणूस 1914 साली अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये जन्मला. 1942 मध्ये लष्करात जायला नकार दिला, तुरुंगात गेला. पुढे शिकागोत स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. कितीतरी कव्हरं वादकांनी हातानं रंगवलेली. 1971 मध्ये बर्कलीत वर्ग घेतला. 'अफ्रोफ्युचरिझम', म्हणजे कृष्णवर्णीयांनी कलेतून स्वतःचं भविष्य कल्पणं, हा शब्द नव्वदच्या दशकातला, याचं काम त्याआधीचं. जिथे माणूस म्हणून जागा नाही तिथे 'मी इथला नाहीच' म्हणणं हे राजकारणच.

जुना_रसिक: ते वाक्य माझंच, आणि मी त्यावर ठाम आहे. 1963 मध्ये त्याच बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बनं चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या. सिमोनबाईंनी 'मिसिसिपी गॉडॅम' हे गाणं लिहून राज्याचं नाव घेऊन सुनावलं. शनीकडे बोट दाखवणं ही पळवाट.

खारघर_ट्रम्पेट: मुंबईचं कुणी बोलतच नाही! तीसच्या दशकात कृष्णवर्णीय अमेरिकी पियानोवादक टेडी वेदरफर्ड ताज हॉटेलात वाजवायचा. आपले गोव्याचे वादक या कृष्णवर्णीयांकडून जॅझ शिकले आणि तेच हिंदी सिनेमात आणलं. माझे आजोबा स्टुडिओत ट्रम्पेट वाजवायचे. श्रेयनामावलीत नाव? एकदाही नाही!

जुना_रसिक: उगाच संगीतकार सी. रामचंद्रांवर घसरू नका. त्यांच्या 'अलबेला'त गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट झालरीच्या बाह्या घालून वादकांसकट पडद्यावर दिसतात.

खारघर_ट्रम्पेट: मी रामचंद्रअण्णांचं नाव तरी घेतलं का? एक माणूस दिसला म्हणून बाकीच्यांचं देणं फिटलं? आजोबांना रेकॉर्डिंग झालं की पाकीट मिळायचं, बस्स. म्हातारपणी रेडिओवर गाणं लागलं की म्हणायचे, "हा तुकडा माझा." घरातलेसुद्धा हसायचे. तुम्ही त्यांना ओळखत नव्हतात, तेव्हा जपून बोला.

जुना_रसिक: आजोबांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. आवाज चढवू नका.

रेवा_ठाणे: थांबा दोघंही. आजोबांचा तुकडा आणि सन राची कंपनी, मुद्दा एकच आहे. रेकॉर्ड ज्याच्या हातात, त्याचंच नाव राहतं. सन राला हे कळलं होतं, म्हणून तो दुसऱ्याच्या दारात उभा राहिला नाही.

जुना_रसिक: बरं. कंपनीचं मान्य, ते राजकारण होतं. शनीचं नाही.

खारघर_ट्रम्पेट: आजोबांचं काय?

जुना_रसिक: गाणं कुठलं ते सांगा. ऐकतो.