मदत हवी आहे: एस्माच्या गाण्यातल्या रोमानी ओळी

नमस्कार मंडळी. आमच्या श्रोता गटात पुढच्या महिन्यात बाल्कन गाण्यांवर तासभर बोलायचंय. त्यात २०१३ च्या युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गाण्याच्या स्पर्धेतलं मॅसिडोनियाचं ‘प्रेद दा से राझदेनी’ वाजवायचं ठरवलंय. लोझानो मॅसिडोनियन भाषेत गातो आणि एस्मा रेजेपोवा रोमानीत, म्हणजे रोमा लोकांच्या भाषेत. आधी दोघांचं ‘इम्पेरिया’ हे गाणं जाहीर झालं होतं, पण देशातच टीका झाल्यावर ते मागे घेऊन हे पाठवलं. स्वीडनमधल्या माल्मोत झालेल्या त्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीतच बाहेर पडलं. पॉपचा साचा जरा गुळगुळीतच आहे, पण एस्माचा आवाज लागला की बाकी सगळं मागे पडतं. तेव्हा ती सत्तरीच्या उंबरठ्यावर होती!

अडचण अशी की मॅसिडोनियन ओळींचा अर्थ जुळवता आला, रोमानी ओळींचा मात्र भरवशाचा अर्थ सापडत नाही. मशीनचं भाषांतर दर वेळी वेगळंच काहीतरी सांगतं. स्कोप्ये किंवा बाल्कन भागात राहिलेलं, किंवा रोमानी अभ्यासलेलं कुणी आहे का इथे? ओळीगणिक नको, ढोबळ आशय कळला तरी चालेल. शिवाय एस्माची जुनी दोन-तीन गाणी सुचवा, ‘चाये शुकारिये’ सोडून. ते घेतलंच आहे.