पालकाचं औषध बोगनवेलीला नको

पालक आणि बोगनवेल दोघांना रोज पाणी आणि सारखंच शेणखत देता, पालक जोरात आहे पण बोगनवेलीला फक्त पानं, असं तुम्ही लिहिलंय. मला तर वाटतं पालकाची बडदास्त बोगनवेलीला मिळतेय, तिथेच गडबड आहे.

पालकाचं आपल्याला पानच हवं असतं, त्यामुळे नत्र आणि सतत ओलसर माती त्याला मानवते. माती सुकली, ऊन तापलं की तो तुरा काढतो आणि पानं चरबट होतात. बोगनवेलीचं नेमकं उलटं. भरपूर नत्र आणि पाणी मिळालं की ती नुसती फांद्या फेकत सुटते. तिला जरा ताण द्या. कुंडीतली माती वरून दोनेक इंच कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. पानं किंचित मलूल दिसली तरी लगेच झारी घेऊन धावू नका (मला हे जमायला दोन वर्षं लागली!). दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन मात्र हवंच, सावलीत कितीही ताण द्या, उपयोग नाही. मोठ्या कुंडीत हलवायचीही घाई नको, मुळं जरा दाटीत असलेली तिला चालतात.

छाटणी बहर ओसरल्यावर करा, रंग नव्या फुटीवर येतो. पालकाची बाहेरची पानं खुडत राहिलं की झालं.

आणि हो, बोगनवेलीवर पिठ्या ढेकूण आला म्हणून रासायनिक फवारा मारणार असाल तर आधी पालकाची कुंडी लांब न्या.