सीरियल पोर्ट अखंड वाचताना प्रोग्रॅमची विंडो गोठते; उपाय काय?

प्रश्न (कोल्हापूर):
नमस्कार. शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीसाठी मी पायथन आणि पायक्यूटीमध्ये (विंडो व बटणे बनवण्याची पायथन लायब्ररी) भट्टीचे तापमान नोंदवणारा प्रोग्रॅम लिहीत आहे. सीरियल पोर्टवरून (उपकरणातून संगणकात माहिती आणणारी जोडणी) येणारे आकडे पाळी संपेपर्यंत वाचायचे, फाइलमध्ये लिहायचे आणि आलेखावर दाखवायचे, एवढेच काम आहे. परंतु वाचनाचे लूप सुरू होताच बटणे चालेनाशी होतात आणि विंडोवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे दिसू लागते. लूपमध्ये ‘प्रोसेसइव्हेंट्स’ (बटणे, माउस यांची साचलेली कामे मध्येच उरकणारी आज्ञा) घातल्यास विंडो अडखळत का होईना चालते. योग्य मार्ग कोणता?

पहिले उत्तर:
बटणे, आलेख, माउस हे सर्व मुख्य थ्रेडमधील (थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधील कामाचा एक स्वतंत्र धागा) इव्हेंट लूप, म्हणजे आलेले संदेश एकेक करून हाताळणारे चक्र, सांभाळते. आपले लूप तोच थ्रेड अडवून धरते आणि विंडोने सुमारे 5 सेकंद संदेश उचलले नाहीत, की विंडोज ती गोठली असे मानते. ‘प्रोसेसइव्हेंट्स’वर विसंबू नये, कारण त्या क्षणी कोणी ‘सुरू करा’ पुन्हा दाबले, तर पहिले वाचन अर्धवट असतानाच दुसरे सुरू होऊ शकते. वाचन क्यूथ्रेडमध्ये (पायक्यूटीच्या वेगळ्या थ्रेडमध्ये) न्यावे, आकडे सिग्नलने (पायक्यूटीतील निरोपाने) मुख्य थ्रेडकडे पाठवावेत आणि त्या वेगळ्या थ्रेडमधून कोणत्याही विजेटला (बटण, आलेख अशा विंडोतील घटकाला) हात लावू नये.

दुसरे उत्तर:
वरील सल्ला योग्यच आहे, पण तेवढ्याने भागेल असे नाही. प्रत्येक आकड्यासाठी सिग्नल पाठवून दर वेळी आलेख नव्याने काढला, तर आकडे वेगाने येऊ लागताच मुख्य थ्रेडपुढे कामांची रांग साचते आणि विंडो पुन्हा गोठते. म्हणून नोंद प्रत्येक आकड्याची करावी, मात्र आलेख क्यूटायमरने (ठरावीक वेळाने काम करवणाऱ्या पायक्यूटीच्या सोयीने) 100 मिलिसेकंदांनी एकदाच काढावा. भट्टीपाशी उभ्या असलेल्या कामगाराला याहून अधिक वेग लागत नाही आणि त्याला वेळेवर आकडा दिसणे हेच खरे महत्त्वाचे. पोर्टची वाट पाहताना पायथनचे जागतिक कुलूप (जीआयएल; एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारे) सुटलेले असते, त्यामुळे येथे थ्रेड पुरेसा आहे. जड गणिते शुद्ध पायथनमध्ये करायची असतील, तर मात्र स्वतंत्र प्रोसेस घ्यावी.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. विंडो बंद करताना थ्रेड वाचनातच अडकलेला असेल तर?

दुसरे उत्तर देणारे:
पायसीरियलमध्ये (सीरियल पोर्ट वाचण्याची पायथन लायब्ररी) टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मर्यादा, दिला नाही, तर वाचन अमर्याद थांबून राहते. तो अर्धा सेकंद ठेवावा आणि दर फेरीला थांबण्याची खूण तपासावी. बंद करताना आधी खूण लावावी, ‘वेट’ने थ्रेड संपू द्यावा आणि नंतरच पोर्ट व फाइल बंद करावी. ‘टर्मिनेट’ वापरू नये. त्याने थ्रेड मध्येच तोडला जातो आणि फाइलमधील शेवटची नोंद अर्धवट राहू शकते.