पाहिलेलं पान पुन्हा कसं सापडलं? (अनुभव धागा)

रानजाई: रेसिपी असो, शासन निर्णय असो की दवाखान्याची वेळ. डोळ्यांखालून गेलेलं पान हवं तेव्हा नेमकं गायब होतं. गूगलवर तेच शब्द टाकले तरी तेच पान वर येईल असं नाही. तुम्ही कसं हुडकता? नुसत्या युक्त्या नकोत, किस्से येऊ द्या.

कोपऱ्यावरचं_झेरॉक्स: आम्ही ऑनलाइन फॉर्म भरून देतो. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, परवाचं ते पान परत काढा, निळ्या पट्टीचं." निळी पट्टी निम्म्या सरकारी साइटना असते! मग मी विचारतो, आला होतात कधी? ते मात्र अचूक: "अकराच्या एसटीच्या आधी." कंट्रोल-एच दाबायचं, ब्राउझरची हिस्ट्री म्हणजे उघडलेल्या पानांची यादी येते, त्या दिवसाच्या त्या वेळेच्या ओळी बघायच्या, सापडतं. पण लॉगिन करून उघडलेलं पान असेल तर क्लिक केल्यावर 'सेशन एक्सपायर्ड'. हिस्ट्रीत नुसता पत्ता राहतो, भरलेला फॉर्म नाही. म्हणून पावती दिसली की आधी पीडीएफ.

मिरजेची_लेक: मी फ्रँकफर्टला, आई-बाबा मिरजेला, दोघांत एक फोन. आईला उपवासाच्या भाजणीचं प्रमाण हवं होतं. "अगं, काल रात्री वाचलं, राजगिरा जास्त घातलेलं. आता दिसेना."
"वर उजवीकडे तीन टिंबं आहेत बघ, एकाखाली एक. त्यात 'इतिहास' लिहिलंय."
"इतिहास? तो कशाला?"
फोन मराठीत करून दिलाय ना मी! उघडलं एकदाचं. तिनं 'राजगिरा' शोधलं, काही नाही. 'उपवास' टाकल्यावर पहिलंच ते पान. आणि त्याखाली स्क्रोल करत गेली तर गुडघ्याच्या ऑपरेशनची पानंच पानं. "अहो, हे कोण बघतंय?" बाबा गप्प. भाजणी राहिली बाजूला. गुडघा दुखतो हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

फायरफॉक्सवाला: 'राजगिरा' का सापडला नाही ते सांगतो. हिस्ट्रीतला नेहमीचा शोध पानाचं शीर्षक आणि पत्ता एवढंच बघतो, आतला मजकूर नाही. तेव्हा शीर्षकात काय असेल ते आठवायचं. आणि ते मराठीत असेल तर शोधही देवनागरीतच टाकायचा. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत ^ देऊन एक जागा सोडून शब्द लिहिला की फक्त हिस्ट्रीतलंच येतं. * दिलं तर बुकमार्क, % दिलं तर उघडे टॅब. मी दिवसभर यावरच जगतो. चुकून टॅब बंद झाला तर कंट्रोल-शिफ्ट-टी, एवढं तरी सगळ्यांनी पाठ करा.
@मिरजेची_लेक, बाबा कसे आहेत?

मिरजेची_लेक: डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको, व्यायाम करा. करत नाहीत.

शंकासुर: मागच्या दिवाळीतलं पान शोधणाऱ्यांनो, क्रोम त्या संगणकावरची हिस्ट्री 90 दिवसच ठेवतो. गूगल खात्यात 'वेब आणि अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' चालू असेल तर त्याआधीचं 'माय अ‍ॅक्टिव्हिटी'त मिळू शकतं. इन्कॉग्निटोत (हिस्ट्री न ठेवणाऱ्या खाजगी खिडकीत) वाचलं असेल तर हिस्ट्रीत शोधूच नका.

पारावरचा: आमच्या मामांना फेसबुकवरची कुठलीशी शेततळ्याची बातमी हवी होती. क्रोम उलटंपालटं केलं, पत्ताच नाही. फेसबुकमध्ये टिचकी मारलेली लिंक त्याच अ‍ॅपच्या पोटात उघडते, क्रोमला खबरही नसते. फेसबुकची स्वतःची 'लिंक हिस्ट्री' असते, ती चालू असेल तर गेल्या 30 दिवसांतलं तिथे दिसतं. मामांना बातमी मिळाली, मला चहा मिळाला.

पुसून_टाका: मी रोज रात्री हिस्ट्री साफ करतो. लागेल ते बुकमार्क. बाकीचं विसरायलाच वाचलेलं असतं.

दप्तरदार: माझी अडचण वेगळी. हिस्ट्रीत पत्ता होता, साइटच बंद पडलेली. आजोबांच्या तालमीवर एका छोट्या साप्ताहिकानं लिहिलं होतं, ते पान. पत्ता तसाच उचलून वेबॅक मशीनमध्ये टाकला. इंटरनेट अर्काइव्हचं हे जुन्या वेबपानांच्या प्रतींचं भांडार 2001 पासून सगळ्यांना खुलं आहे. वर्षांची पट्टी आली, त्यातल्या एका तारखेवर टिचकी मारली आणि मजकूर अख्खा उघडला. फोटोंच्या जागी मात्र रिकाम्या चौकटी. त्याच पानाच्या आणखी जुन्या प्रती दिसतायत, त्यांत फोटो असतील तर रविवारी बघतो.