मदत हवी आहे: पॉवर स्टेअरिंगमधली हवा जाता जाईना (जुनी बोलेरो, खानापूर)

नमस्कार मंडळी,

पॉवर स्टेअरिंगचा प्रेशर पाइप (पंपाकडून दाबाखालचं तेल पुढं नेणारा) गळत होता म्हणून बेळगावात एका गॅरेजमध्ये नवा घालून घेतला. तेव्हापासून स्टेअरिंग फिरवलं की बॉनेटखालून घुर्रर्र आवाज. जाग्यावर गाडी वळवायला लागलो की शेजारपाजारचे बघायला येतात. तेवढं चालवून घेतलं असतं, पण जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटात वळणामागून वळण आलं की स्टेअरिंग मध्येच जड होतं आणि लगेच परत हलकं. भीती वाटते ती त्याची.

स्टेअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण काढलं तर लाल तेल गुलाबी झालेलं, वर फेस. इंजिन चालू असताना लेव्हल खुणेवर, बंद केलं की तेल फुगून झाकणाला टेकतं. गॅरेजवाला म्हणतो, "चालवत राहा, आपोआप जाते हवा." जाईना की! आता म्हणतो पंप बदला.

घरी पुढची दोन्ही चाकं उचलून, स्टँड लावून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. भाऊ टाकीपाशी तेल घेऊन उभा, लेव्हल खाली जाऊ दिली नाही. बुडबुडे येऊन थांबले. इंजिन चालू केलं, थोड्या वेळानं परत फेस. खाली पुठ्ठा टाकून ठेवला होता, सकाळी कोरडा ठणठणीत.

जुनी हवा राहिलीय की नवी शिरतेय, हे ओळखायचं कसं? रॅकला (चाकं वळवणाऱ्या दांड्याला) ब्रेकसारखा ब्लीडिंग निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, असतो काय?

---

उद्यमबागचा मिस्त्री:
पंपाचे पैसे आधी खिशातच ठेवा. इंजिन बंद केल्यावर तेल वर येतं म्हणजे आत हवा आहे हे नक्की. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. दाब सुटला की ती पसरते आणि तेलाला टाकीत ढकलते.

बुडबुडे थांबून परत आले, म्हणजे नवी शिरतेय. प्रेशर लाइनच्या मागं लागू नका, तिथं फट असती तर तेल बाहेर आलं असतं. टाकीतून पंपाला जाणारा जाड रबरी पाइप बघा. तिथं पंप तेल ओढून घेतो, म्हणून फटीतून तेल न गळता हवा आत जाते. दुरुस्तीत तो पाइप हलवला असणार. जुनं रबर टोकाला कडक झालं की क्लिप कितीही आवळा, बसत नाही. इंजिन बंद असताना जोडावर ग्रीस थापा, मग चालू करून ऐका. आवाज कमी झाला की चोर सापडला. बेल्टपासून हात लांब ठेवा.

निपल बहुतेक गाड्यांना नसतो, हवा टाकीतूनच वर येते. फेसाळलेल्या तेलात खटपट करू नका, रात्रभर गाडी उभी ठेवा, फेस बसू द्या. आणि इंजिन चालू असताना टोकाला नेऊन दाबून धरायचं नाही. चार-पाच सेकंदांच्या वर धरलं की पंप तापतो. तोवर घाट नको.

---

निपाणीकर:
टाकीच्या तळाला जाळी असेल तर तीही बघा. काळा गाळ बसला की पंपाला तेल कमी पडतं आणि असाच ओरडतो. कमी पडलं म्हणून ब्रेक ऑइल ओतू नका, सील फुगून कामातून जातात.

---

खानापूर (प्रश्नकर्ता):
आत्ताच टॉर्च घेऊन बघितलं. तुम्ही म्हणता तो पाइप पंपाच्या नळीवर बोटानं गोल फिरतोय! क्लिप जुनीच, ढिली. हा पाइप मापानं सुटा मिळतो काय, की कंपनीचाच घ्यायचा?

---

उद्यमबागचा मिस्त्री:
सुटा मिळतो. दुकानात "तेलाचा पाइप, सक्शनचा" असं सांगून घ्या. रेडिएटरचा पाण्याचा पाइप देतील, तो तेलानं मऊ पडतो. जुना तुकडा माप दाखवायला सोबत न्या, क्लिपा दोन्ही नव्या.