मदत हवी आहे : आजीच्या बाप्तिस्म्याची नोंद कोठे शोधावी?

सर्वांना जय ख्रिस्त. आमची आजी गेल्या महिन्यात, वयाच्या ९४ व्या वर्षी, नागपुरातच प्रभूत निजली. स्मरणार्थ उपासनेत तिचे जीवनवृत्त वाचण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. सदर भागातल्या घरातून मे महिन्याच्या उन्हातही छत्री घेऊन ती दर रविवारी पहिल्या घंटेपूर्वी चर्चमध्ये पोहोचत असे, आणि मुलांच्या, नातवंडांच्या, पतवंडांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा तिने आपल्या पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवल्या आहेत. स्वतःची तारीख मात्र तिने कोठेच लिहिलेली नाही.

अडचण अशी की, तिच्या बालपणी येथील मंडळ्या (चर्चचे समुदाय) वेगवेगळ्या होत्या. १८४५ मध्ये स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आल्यापासून वाढलेली स्कॉटिश मिशनची मंडळी एक, अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील) मंडळी दुसरी. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर त्या एकत्र आल्या. आजीचे माहेर यांपैकी कोणत्या मंडळीत होते, हे सांगणारे आता घरात कोणी उरलेले नाही.

१९३० च्या दशकातील बाप्तिस्मा आणि दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) नोंदवह्या पाळकसाहेबांकडे मिळतात की धर्मप्रांताच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो? वडिलांचे नाव आणि अंदाजे वर्ष एवढ्यावर शोध घेता येतो का? ज्यांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांची अशी नोंद नागपुरात मिळवली असेल, त्यांनी कृपया अनुभव कळवावा. उपासना पुढील महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे.