मदत हवी आहे: बांबूतोडीचं गणित शेवटच्या वर्षी जंगल रिकामं करतंय

नमस्कार. आमचं गाव गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात. शेजारच्या मेंढा-लेखा गावाने २०११ साली आपला बांबू स्वतः विकला. आता आमच्या ग्रामसभेकडेही सामूहिक वनहक्क आहे. मी एम.एस्सी. गणिताला आहे म्हणून पुढच्या १२ वर्षांच्या तोडीचं नियोजन माझ्याकडे आलंय.

जंगलाचे चार कूप, म्हणजे तोडीचे विभाग, केलेत. प्रत्येक कुपात वयानुसार बांबू मोजलेत: यंदाचा, एक वर्षाचा, दोन वर्षांचा, तीन आणि त्यापुढचा. गावाचा नियम असा की तीन वर्षांखालचा तोडायचा नाही आणि प्रत्येक बेटात, म्हणजे बांबूच्या झुपक्यात, किमान आठ ठेवायचे. पावसाळ्यात किती वास्ते (नवे कोंब) येतील ते उभ्या बांबूंवर ठरतं, पण बेट फार दाटलं की कमी होतात, म्हणून वाढीला लॉजिस्टिक सूत्र घेतलंय. पायथॉनमध्ये बारा वर्षांचा एकूण नफा जास्तीत जास्त करायला सांगितलं.

अडचणी तीन.

बाराव्या वर्षी उत्तर प्रत्येक बेटात मोजून आठच बांबू ठेवतं. तेराव्या वर्षी गाव खाणार काय, हे त्याला ठाऊकच नाही!

दुसरं, वाट साफ करणं, राखणदार, डेपो हा खर्च कुपात शिरलं की एकदाच लागतो, म्हणून ते एका वर्षी भरमसाट तोड सुचवतं आणि पुढची दोन वर्षं शून्य. मजुरी तर घराघरात दरवर्षी लागते.

तिसरी मला सगळ्यात जड जाते. पुढच्या वर्षांचा नफा आजच्या किमतीत मोजायला व्याजदर किती धरू? गणितज्ञ कॉलिन क्लार्क यांनी १९७३ साली निळ्या देवमाशाचं उदाहरण घेऊन दाखवलं की साठा व्याजापेक्षा हळू वाढत असेल, तर सगळा मारून पैसे बँकेत ठेवणंच ‘फायद्याचं’ ठरू शकतं. बांबू भराभर वाढतो हे खरं. पण सभेत एका आजीने विचारलं, "व्याज कोणाच्या हिशोबाने लावतोस, आमच्या की नातवंडांच्या?" मला बोलता आलं नाही.

नोव्हेंबरमध्ये काकांबरोबर कुपात गेलो होतो. ते बेटाभोवती फिरून नव्या बांबूंना चुन्याचा पट्टा ओढत होते. एका बेटात २३ बांबू, त्यात ४ नवे, चारही बाहेरच्या कडेला. जुने मधोमध अडकलेले. नगावर मजुरी असली की कडेचे सोपे बांबू आधी जातात आणि मधला गुंता तसाच राहतो. हे माझ्या सूत्रात कुठेच नाही.

प्रतिसाद: शेवटच्या वर्षी उभ्या बांबूला किंमत द्या, पण बाजारभावाने नको. उभा बांबू पुढचे वास्तेही देतो. सोपा उपाय म्हणजे गणित ४० वर्षांचं सोडवा आणि पहिली १२ वर्षंच वापरा, शेवटची लुटालूट त्या १२ वर्षांपर्यंत सहसा पोचत नाही. नाहीतर ‘अखेरचा साठा वयानुसार आजच्याइतका तरी हवा’ अशी अट घाला. मजुरीसाठी दरवर्षी किमान मनुष्यदिवसांची अट टाका. ती अट घालून आणि न घालता येणाऱ्या नफ्यातला फरक काढला की नियमित कामापायी किती नफा सोडावा लागतो ते सभेला आकड्यात दाखवता येईल. व्याजदर तुम्ही ठरवू नका. ०, ४ आणि १० टक्क्यांची तीन उत्तरं सभेपुढे ठेवा. आणि दरवर्षी मोजणी झाली की नव्याने सोडवा.

धागालेखक: मनापासून आभार. ४० वर्षं आज रात्रीच चालवून बघतो. पण तेवढ्या काळात फुलोरा मध्येच येऊ शकतो. आमचा बांबू मानवेल जातीचा, तो काही दशकांनी एकदम फुलतो आणि फुलला की वाळतो. साल आधी कळत नाही. मग दरवर्षी थोडी शक्यता धरून स्टोकॅस्टिक डायनॅमिक प्रोग्रामिंग (अनिश्चितता धरून वर्षागणिक निर्णय काढायची पद्धत) करू, की फुलोऱ्यापुरतं वेगळं मॉडेल? कोणी असं केलंय का?